वावरातले अकरा तुकडे

माझ्या प्रबंधाचं सगळं भांडवल एका स्टीलच्या डब्यात मावायचं. अकरा काळे, ओबडधोबड तुकडे, पारशिवनी तालुक्यातल्या एका वावरातून वेचलेले. डबा मुळात दिवाळीच्या चिवड्याचा. त्यामुळे दर दसऱ्याला सासूबाई विचारायच्या, "तुझे दगड यंदा तरी निघतील का त्यातून?" साडेपाच दिवाळ्या गेल्या. साडेपाच अशासाठी की शेवटच्या वर्षी तीन तुकडे निघाले आणि आठ राहिले. त्या तिघांची गोष्ट पुढे येईल.

दगड म्हणजे लोखंडाचं कीट. खनिज आणि लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा भट्टीत रचून भात्याने वारा घातला की लोखंड वेगळं होतं आणि खनिजातला मळ वितळून वाहतो, खाली थिजतो. लोखंडाचे विळे होतात, कुऱ्हाडी होतात, त्या झिजतात, गंजतात, मोडीत जातात. कीट कुणालाच नको असतं. म्हणून ते जिथे फेकलं तिथे राहतं. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

मी इतिहासाची. एम.ए., नेट, आणि मग एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, शपथपत्रं, फीच्या पावत्या यांबद्दल लिहीत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांना करायचंय त्यांना आताच कशाला घाबरवा. विषय मात्र माझा मी निवडला होता: विदर्भातल्या महापाषाण काळातलं लोखंड.

नागपूरच्या माणसाला हा विषय लांब जाऊन शोधावा लागत नाही. काटोल रस्त्याने जुनापाणीला गेलात तर माळावर मोठमोठ्या धोंड्यांची गोल कडी दिसतात. तीनशेच्या आसपास आहेत. ही अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि धोंड्यांवरचे वाटीसारखे खळगे पाहून त्याला थेट आपल्या मायदेशातली शिळावर्तुळं आठवली. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०च्या सुमारास माहुरझरी खणलं. माणसांबरोबर पुरलेले घोडे, घोड्यांचे तांब्याचे अलंकार, लोखंडाची हत्यारं असं बरंच निघालं. आणि पेंचच्या काठी नायकुंडला तर प्रत्यक्ष लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. गोल भट्टीचे अवशेष, वारा आत सोडायच्या मातीच्या नळ्या, कीट. एम.ए.ला असताना आमच्या मॅडमनी तो उत्खनन-अहवाल हातात दिला होता. हत्यारांवर पानंच्या पानं, कीटावर त्या मानाने थोडं. मी ठरवलं, आपण कीटच घ्यायचं. कमी लोक असतील तिथे उभं राहायला जागा मिळते, हा माझा हिशोब.

जागा मिळाली नाही. आराखडा समितीपुढे गेला तेव्हा एका सदस्यांनी चष्मा वर करून विचारलं, "यात केमिस्ट्री किती आहे! हे इतिहासाचं काम आहे का?" तसं असेल तर विज्ञानाकडे जावं म्हणून मी एका विज्ञानवाल्या प्राध्यापकांना आराखडा दाखवला. ते म्हणाले, "अकरा सॅम्पल? हे तर हिस्ट्री झालं." घरी येऊन मी महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा उघडला. त्यात चार विद्याशाखा आहेत आणि चौथीचं नाव चक्क 'आंतरविद्याशाखीय अभ्यास'. पाच मिनिटं मी फार आनंदात होते. मग यादी वाचली. शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण. कीटाला तिथेही खोली नव्हती.

तोडगा मॅडमनी काढला. शीर्षकात 'तांत्रिक अभ्यास' होतं, तिथे त्यांनी 'सांस्कृतिक अभ्यास' केलं. आतली एक ओळही बदलली नाही. पुढच्या बैठकीत आराखडा चर्चेविना मंजूर.

त्या दिवसांत मला स्टीफन हिस्लॉपचा फार हेवा वाटायचा. ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे आहे तो. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आला. शाळा चालवली, टाकळीच्या खडकांतले जीवाश्म गोळा करून लंडनच्या भूवैज्ञानिकांना कळवले, आणि त्याच हातांनी गोंडांची गाणी आणि शब्द उतरवून घेतले. एका खनिजाला त्याचं नाव आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परत येताना पुराच्या नाल्यात बुडून तो गेला. गाण्यांचे आणि जमातींचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. त्याला कुणी विचारलं नसेल, तुम्ही कुठल्या शाखेचे? आज त्याच नागपुरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, खाणींचं सिव्हिल लाइन्सला, मातीचं अमरावती रस्त्याला, आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाची प्रागैतिहासिक शाखाही शहरातच. ॲक्टिव्हावर दीड तासात सगळ्यांच्या फाटकांवरून चक्कर मारून होते. मी मारली आहे. आत जायला मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र लागतं.

सर्वेक्षणाच्या परवानगीत एक पावसाळा गेला. तो कागद आल्यावर डिसेंबरात आम्ही त्या वावरात गेलो. कापूस निघाला होता, पऱ्हाट्या उभ्या होत्या. वावराचे मालक साठीचे. त्यांनी बांधावर बसून आमचं वेचणं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हे दगडं कायले नेता? घर बांधून रायले का?" मी त्यांना पाच मिनिटं महापाषाण संस्कृती समजावली. ते "बरं बरं" म्हणाले आणि बोरं काढून दिली. वहीत मी प्रत्येक तुकड्याची जागा, आकार, रंग लिहिला. सात, आठ आणि दहा क्रमांकांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: 'वजनाला हलका.' हे चार शब्दही नाहीत, पण मी तेव्हाच ते नीट वाचले असते तर एक वर्ष वाचलं असतं.

धातुशास्त्राच्या सरांची ओळख मॅडमच्या भाच्याकडून निघाली. त्यांनी एक तुकडा हातात घेतला, जोखला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय विचारायचंय?"

मी म्हणाले, "या लोकांना लोखंडाचं तंत्र कितपत अवगत होतं, ते."

"हे मला विचारताय. याला काय विचारायचंय?" त्यांनी तुकड्याकडे बोट दाखवलं.

मला राग आला होता, खरं सांगते. घरी येऊन रागातच चार पानं प्रश्न लिहिले. दुसऱ्या दिवशी सरांनी पेन घेऊन एकेक खोडायला सुरुवात केली. 'समाजात लोहाराचं स्थान काय होतं' खोडलं. 'हे ज्ञान बाहेरून आलं का' खोडलं. शेवटी दोन उरले. एक, हे कीट खनिज गाळतानाचं की लोहाराच्या शेगडीतलं? दोन, भट्टी किती तापली होती? "यांची उत्तरं याच्या पोटात आहेत," सर म्हणाले. "बाकीच्यांची असतील तर ती तुम्ही बघा."

इतिहासात आम्ही मोठा प्रश्न घेऊन त्याच्याभोवती पुरावे लावत जातो. कागद बोलतो, कारण तो कुणीतरी बोलण्यासाठीच लिहिलेला असतो. कीट कुणी कुणासाठी केलेलं नसतं. त्याच्याशी बोलायचं तर प्रश्न इतका लहान करावा लागतो की आपल्यालाच तो क्षुल्लक वाटू लागतो. मला ते जमायला दोन वर्षं लागली. अजूनही पूर्ण जमलं असं म्हणवत नाही.

मग सुरू झालं घासणं. तुकडा हिऱ्याच्या पात्याने कापायचा, राळेच्या वडीत बसवायचा आणि पॉलिश पेपरवर घासायचा. पेपरचे क्रमांक २२०, ४००, ६००, ८००, १२००, आकडा वाढेल तसा पेपर बारीक, त्यानंतर मखमली चकतीवर हिऱ्याची पेस्ट. प्रत्येक पेपरला वडी काटकोनात वळवायची आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका वडीला माझा अर्धा दिवस जायचा. लॅबमधले काका, तीस वर्षं तिथेच काढलेले, लांबून आवाजावरून सांगायचे, "मॅडम, हात एका बाजूला दाबतोय." तिसऱ्याच दिवशी मला सूक्ष्मदर्शकात सुंदर समांतर रेघा दिसल्या. मी उत्साहाने त्यांचं चित्र काढलं, दिशा मोजली, धातू कुठल्या बाजूने ठोकला असेल यावर परिच्छेदही लिहिला. काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हा ओरखडा तुमचा आहे. चारशेचा."

ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. संग्रहातले कागद वाचताना आजही आठवतं.

पाचव्या-सहाव्या वडीला मात्र पृष्ठभाग आरशासारखा झाला आणि खालचं जग दिसलं. राखाडी लांबट पट्ट्या, एकमेकींना छेदत गेलेल्या. त्यांच्या मध्ये पांढरट, बारीक, फांद्याफांद्यांची नक्षी, अगदी तुळशीच्या मंजिऱ्या दाबून ठेवल्यासारखी. आणि उरलेल्या फटींत काळी काच. पट्ट्या म्हणजे फायलाइट, लोह आणि सिलिका यांचं संयुग. मंजिऱ्या म्हणजे वुस्टाइट, लोहाचं ऑक्साइड. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "झालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर." फायलाइट सुमारे १२०५ अंश सेल्सिअसला वितळतं. इथे ते पूर्ण वितळून सावकाश थिजलं आहे, तेव्हा भट्टी बाराशेच्या आसपास पोचली होती. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ लागतात, तिथपर्यंत ती गेली नाही. म्हणजे लोखंडाचा रस कधी झालाच नाही. भट्टीच्या पोटात स्पंजासारखा गोळा तयार व्हायचा, आणि तो लाल असताना ठोकठोकून त्यातलं उरलेलं कीट पिळून काढायचे. नायकुंडला भट्टी पाहिलेल्या लोकांनी हे आधीच सांगितलेलं होतं. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपण घासलेल्या वडीत बाराशे अंश बघणं वेगळं. त्या संध्याकाळी मी बजाजनगरच्या चौकात एकटीने तर्री पोहे खाल्ले, दोन प्लेट.

त्यानंतरच्या प्रकरणात मी लिहिलं की कीटात एवढं लोह शिल्लक राहिलंय त्या अर्थी कारागीर अकुशल होते, अर्धं लोखंड वाया घालवत होते. हे मीच लिहिलं असं नाही, जुन्या लेखनातही असा सूर सापडतो. सरांनी त्या शब्दाखाली रेघ मारली. "चुनखडी घालत होते का ते?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. पृथक्करणात चुना नगण्य होता. "मग खनिजातली वाळू वितळवायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे? लोहाचं ऑक्साइडच. थोडं लोखंड कीटाला दिलं तरच कीट पातळ होऊन वाहणार आणि उरलेलं लोखंड हाती येणार. याला वाया घालवणं म्हणतात का तुमच्यात?"

मी 'अकुशल' खोडलं. त्याच्या जागी कुठला शब्द घालायचा हे ठरवायला आठवडा लागला. शेवटी काहीच घातलं नाही. नुसतं काय केलं तेवढं लिहिलं.

आता सात, आठ आणि दहा.

या तिघांच्या वड्यांत मंजिऱ्या नव्हत्या, पट्ट्या नव्हत्या, नुसते बुडबुडे आणि काच. क्ष-किरण विवर्तनाच्या, म्हणजे आत कुठली स्फटिकं आहेत ते दाखवणाऱ्या, आलेखात फायलाइटची शिखरंच नाहीत. क्वार्ट्झ आहे आणि म्युलाइट आहे. म्युलाइट म्हणजे चिकणमाती फार तापली की होणारं स्फटिक. लोह अगदी थोडं, आणि वर गंधकाची खूण. मी रात्री जागून यावर एक उपपत्ती तयार केली: वेगळं खनिज, वेगळी परंपरा, कदाचित दुसरा समूह. सरांनी आलेख पाहिला आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. "हा दगडी कोळशाचा खंगर आहे. बॉयलर किंवा इंजिनात जळून उरलेला. यात अडकलेला काळा कण काढून कार्बन डेटिंगला पाठवा. दगडी कोळशात कार्बन-१४ शिल्लकच नसतो, उत्तर येईल चाळीस हजार वर्षांहून जुनं. जगातलं पहिलं लोखंड नागपूरकरांनी गाळलं म्हणून पेपरात फोटो येईल तुमचा."

नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. म्हणजे माझ्या अकरांतले तीन पुरावे फार तर दीडशे वर्षांचे होते.

ते जुन्या कीटात मिसळले कसे, याचं अर्धं उत्तर मातीचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी दिलं. आपली काळी कपाशीची माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं काहीबाही त्यांत खाली पडतं. पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात, खालचं वर ढकललं जातं. वर्षानुवर्षं हेच. अशा मातीचं शास्त्रीय नाव 'व्हर्टिसॉल', लॅटिनमधल्या 'उलथणे' या धातूवरून. "काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते," त्या म्हणाल्या. "त्यामुळे आमच्या वावरात जवळजवळ सापडलं म्हणजे एका काळातलं, हे विसरा." मी मॅडमना हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. सर्वेक्षणाचं अख्खं प्रकरण त्या गृहीतावर उभं होतं. पुन्हा लिहिलं.

उरलेल्या आठांतले दोन लोहाराच्या शेगडीतले निघाले, वरून सपाट, खालून वाटीसारखे. सहा गाळतानाचे. त्यांतल्या दोघांच्या पोटात लोणारी कोळशाचे कण अडकलेले मिळाले. हे घबाड होतं, कारण भट्टी पेटली तेव्हाच ते आत गेलेले, मातीने मागाहून ढकललेले नव्हेत. कार्बन डेटिंगच्या प्रवेगक यंत्रावर आता मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. नमुने बाहेर पाठवले आणि माझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न, या वावरातलं कीट नायकुंडच्या आधीचं की नंतरचं, आता सुटणार म्हणून वाट बघत बसले.

निकाल आला. दोन्ही नमुने इ. स. पू. ८०० ते ४०० या चारशे वर्षांच्या कप्प्यात. आधीचं की नंतरचं, काहीच ठरेना.

मला वाटलं, लॅबने काम नीट केलं नाही. सरांच्या ओळखीच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने फोनवर समजावलं. झाड जिवंत असेतो हवेतला कार्बन-१४ घेतं, मेलं की तो घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा. हे शाळेपासून ठाऊक असतं. पण हवेतलं त्याचं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. म्हणून मोजलेला आकडा झाडांच्या वाढकड्यांवरून बांधलेल्या आलेखावर नेऊन खरी वर्षं काढतात. हा आलेख बहुतेक ठिकाणी तिरका चढतो, आणि नेमका इ. स. पू. आठव्या ते पाचव्या शतकात आडवा होतो. मोजमाप २४५० वर्षांच्या आसपास आलं की ते या आडव्या भागावर कुठेही बसू शकतं. याला हालस्टाट पठार म्हणतात, ऑस्ट्रियातल्या एका लोहयुगीन स्थळावरून, कारण तिथल्या अभ्यासकांनाही हेच भोगावं लागतं. वर आणखी एक: सागाच्या गाभ्यातलं लाकूड तोडण्याच्या दोनशे वर्षं आधीच वाढायचं थांबलेलं असू शकतं. म्हणजे कोळसा भट्टीपेक्षा म्हातारा.

"मग यंत्र अचूक आहे की नाही?" मी विचारलं.

"यंत्र अचूक आहे. तुमचं शतक वाईट आहे."

हे मी जसंच्या तसं प्रबंधात घालू शकले नाही, याचं आजही वाईट वाटतं. प्रकरणाचं शीर्षक होतं 'कालनिश्चिती'. ते 'कालमर्यादा' केलं. इतिहासाच्या शिक्षणात 'बहुधा', 'संभवतः' हे शब्द आम्ही चवीपुरतं मीठ टाकावं तसे टाकतो. इथे पहिल्यांदा कळलं की 'बहुधा' किती, हे सांगता येतं आणि सांगावंच लागतं. मॅडमना आकड्यापुढचं ते अधिक-उणे चिन्ह शेवटपर्यंत आवडलं नाही. "वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच खात्री नाही." मी म्हणाले, "नाहीये."

याच सुमारास सासूबाईंना रक्त कमी म्हणून महाल भागातल्या वैद्यांनी पुड्या दिल्या. नाव वाचलं तर मंडूर भस्म. मंडूर म्हणजे काय हे त्यांना विचारलं. "लोखंडाचं जुनं कीट," ते म्हणाले. "शंभर वर्षांचं उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं हलकं, त्याहून नवं विषासारखं." रसशास्त्रात तसा श्लोकच आहे. मी थक्क. ज्या कीटाचं वय काढण्यात माझी चार वर्षं गेली, त्याचं वय पारखून मग पोटात घ्यायची परंपरा घरातच होती. वय कसं ओळखतात, हे विचारलं. वजनाला जड, फोडलं की पोकळ्या नसलेलं, असं काही त्यांनी सांगितलं. वजनाला जड. सात, आठ आणि दहा त्यांनी हातातसुद्धा धरले नसते. सासूबाईंनी डब्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे औषध होतं होय, आणि तू मला फराळाला डबा देत नव्हतीस!"

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा आणखी एक मौज. आमच्याकडे निबंधाला एक नाव असतं. सरांच्याकडे घासणाऱ्यापासून यंत्र चालवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची असतात. मला काकांचं नाव हवं होतं. सर म्हणाले आभारांत घाला. मॅडम म्हणाल्या एवढी नावं असली तर तुझं काय राहिलं? इतिहासाच्या नियतकालिकाने तक्ते काढा म्हणून परत पाठवला, विज्ञानाच्या नियतकालिकाने प्रस्तावना काढा म्हणून. दोन्हीकडचं काढलं असतं तर शीर्षक उरलं असतं. शेवटी दोन वेगळे निबंध झाले. काकांचं नाव एकात आहे.

सात, आठ आणि दहा प्रबंधात ठेवायचे का, यावर शेवटपर्यंत वाद होता. मॅडमचं मत, गाळून टाक. परीक्षकाला हसायचं निमित्त कशाला द्यायचं. मी परिशिष्टात ठेवले, फोटोसकट. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडलं. वीस मिनिटं त्यावर गेली. हसले नाहीत. शेवटी विचारलं, "जवळचं स्टेशन या वावरापासून किती लांब?" मी सांगितलं, चांगलंच लांब. "मग हा खंगर तिथे आला कसा? माती वरखाली करते हे मान्य. पण मुळात वावरात आणला कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं सांगितलं. पदवी मिळाली, पण तो प्रश्न घरी आला माझ्याबरोबर.

पुढच्या रविवारी पेढ्यांचा डबा घेऊन वावरात गेले. मालक थकले होते, पण ओळख पटली. तीन तुकडे पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिले आणि सांगितलं, हे जुने नाहीत, आगगाडीच्या इंजिनातले आहेत.

"हो ना," ते म्हणाले. "माह्या आज्यानं टाकले ते. पावसाळ्यात या इहिरीच्या वाटेनं असा गारा व्हाये, बैलाचा पाय फसे. रामटेकच्या गाडीचं इंजिन टेसनावर राख टाके, थे बंडीनं भरून आणे आजा. दोन-चार खेपा आणल्या असन."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही तुम्ही?"

"तुमी इचारलंच नाई बाई. तुमी सांगून रायल्या होत्या."

मी वही काढून त्यांचं सांगणं उतरवून घेतलं, तारीख घातली, सही घेतली. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बोटं धोतराला पुसली आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"बाकीचे आठ?"

"ते जुने आहेत. दोन हजार चारशे ते दोन हजार आठशे वर्षांपूर्वीचे."

"अन् भट्टी घावली का त्याहीची? याच वावरात?"

"नाही. भट्टी नाही मिळाली."

त्यांनी विहिरीच्या वाटेकडे जरा वेळ बघितलं. "मंग तेही कोण्या आज्यानं दुसरीकडून आणून टाकले नसन कशावरून?"

मी बंद केलेली वही पुन्हा उघडली.